मालक घरी नाहीत

(परळ-भोईवाड्यातील बचत गटांच्या एकत्रित बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आज मला विम्यावर बोलायचे आहे. हे ऐकून आपल्यातल्या दोघीतिघी आधीच हसल्या. हसणे बरोबर आहे. विम्याचा माणूस दारात आला की आपण काय सांगतो? "मालक घरी नाहीत, संध्याकाळी या." दार लावतो आणि पुन्हा पोळ्यांना लागतो. मीही वर्षानुवर्षे हेच सांगत आले. या एका वाक्याची मला काय किंमत पडली, ते आधी सांगते. विम्याचे नियम त्यानंतर.

२९ ऑगस्ट २०१७. तारीख आठवते ना? गौरी आवाहनाचा दिवस होता. सकाळपासून पाऊस असा लागला की हिंदमाता, परळ, केईएमचा रस्ता, सगळे पाण्याखाली. आमची खोली तळमजल्यावर. यजमान गणपतीला गावी गेलेले. मी मागे राहिले, कारण गौरीच्या ऑर्डरी होत्या. पुरणपोळ्या, करंज्या, अनारसे. वर्षभराच्या खानावळीतून जे सुटत नाही, ते या आठ दिवसांत सुटते. पोतेभर हरभराडाळ, गूळ, मैदा, तुपाचे डबे, दोन मिक्सर, पुरण वाटायचे यंत्र, सगळे जमिनीवर. सामान वाण्याकडून उधारीवर आणलेले.

पाणी उंबऱ्यावरून आत यायला लागले तेव्हा मी आधी काय उचलले असेल? सासूबाईंना वरच्या मजल्यावर पोहोचवले, देव उचलले, आणि मग पुन्हा खाली येऊन डाळीचे पोते ओढत बसले. गुडघ्याएवढ्या पाण्यात. फ्रीजची पिन भिंतीतच होती आणि वीज चालू होती. आज ते आठवले तरी अंगावर काटा येतो. पोते काही उचलले गेले नाही. वरच्या मजल्यावरच्या मुलाने मला दंडाला धरून वर नेले म्हणून मी आज इथे उभी आहे.

पाणी ओसरल्यावर पंचनाम्याला एक कर्मचारी आले. भला माणूस होता, घाईत होता. त्याने विचारले, "खोली कोणाच्या नावावर?" मी सांगितले, सासऱ्यांच्या. ते वारून बारा वर्षे झाली होती. "कर्ते कोण?" यजमान. "तुम्ही काय करता?" मी उत्तर द्यायच्या आत त्याने लिहिले, घरकाम. नुकसानीच्या रकान्यात भांडी आणि कपडे. मी म्हटले, भाऊ, डाळ लिहा, मिक्सर लिहा, माझा धंदा बुडाला आहे. तो म्हणाला, "वहिनी, दुकान असते तर लिहिले असते." वाण्याची उधारी मी पुढच्या शिमग्यापर्यंत फेडत होते.

त्या माणसावर माझा राग नाही. त्याच्या कागदावर मी नव्हतेच. खोली एका मेलेल्या माणसाची, घर गावी गेलेल्या माणसाचे, आणि धंदा तर कोणाचाच नाही. आपल्या भाषेत नवऱ्यालाही मालक म्हणतात आणि चाळीच्या धन्यालाही मालकच म्हणतात. पाणी आले तेव्हा दोघेही घरी नव्हते. घरी मी होते. संकट येते तेव्हा घरी बहुतेक वेळा बाईच असते, आणि भरपाई येते तेव्हा ती कागदावरच्या नावाला येते. आजचे माझे सगळे म्हणणे एवढेच आहे. संकटाची तयारी वाळूच्या पोत्यापासून सुरू होत नाही, कागदावर आपले नाव असण्यापासून सुरू होते.

आता कोणी म्हणेल, खानावळ म्हणजे काय मोठा धंदा? बायांनो, या गिरणगावाला कोणी जेवू घातले? गावाकडून एकटे आलेले हजारो गिरणी कामगार खानावळवाल्या बायांच्या हातचे खाऊन पाळ्या करत होते. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. सावकाराच्या दारातून बाईला बँकेच्या दारात नेले, तेव्हा पहिल्यांदा कोणीतरी कबूल केले की ती धंदा करते. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, पुढे एकेक गिरणी बंद पडली, आणि कितीतरी घरे बायांच्या पोळीभाजीवर, शिलाईवर, पापडांवर तगली. तरी विचारले की आपण काय सांगतो? "काही नाही, घरीच असते."

आपल्या भागाला तीन भये आहेत. पाणी, आग आणि इमारत. एकेक घेऊ.

पाणी का साचते? हिंदमाता हा खोलगट भाग आहे, बशीसारखा. चारी बाजूंचे पाणी तिथे उतरते, आणि भरतीच्या वेळी ते समुद्रात जायला वाट नसते. पालिकेने अलीकडच्या वर्षांत प्रमोद महाजन कला पार्क आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली साठवण टाक्या बांधल्या, पंप बसवले. फरक पडला आहे, पण म्हणून तळमजल्यावरचे पोते जमिनीवर ठेवायचे नाही. फळी मारा, दोन हात उंच. मिक्सर, शिलाई मशीनची मोटर, पिठाचे डबे फळीवर. पाणी उंबऱ्याला लागले की आधी मेन स्विच बंद, मग सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, आणि मग आपण वर. हात ओले असतील, पाय पाण्यात असतील, तर स्विचला हात लावायचाच नाही. सरळ बाहेर पडायचे. रस्त्यावर तुंबले म्हणून मॅनहोलचे झाकण कोणाला उघडू देऊ नका. त्याच २९ ऑगस्टला आपल्याच भागात उघड्या मॅनहोलमध्ये पडून एका नामवंत डॉक्टरांचा जीव गेला. पालिकेचा आपत्कालीन क्रमांक १९१६ आहे. भिंतीवर लिहून ठेवा, मोबाईल बंद पडला तरी दिसेल असा.

दुसरी आग. २२ ऑगस्ट २०१८ला हिंदमाताजवळच्या क्रिस्टल टॉवर इमारतीत आग लागली, चार माणसे गेली. इमारतीतली आग विझवण्याची यंत्रणा निकामी आढळली. त्या दिवशी दहा वर्षांच्या एका मुलीने शाळेत शिकलेले आठवून सुती कापडाचे तुकडे ओले केले आणि शेजाऱ्यांना नाकातोंडाशी धरायला लावले. पुढे तिला शौर्य पुरस्कार मिळाला. दहा वर्षांच्या मुलीला जे ठाऊक होते, ते आपल्याला ठाऊक आहे का? आपल्या खोल्यांत दोन-दोन सिलिंडर, वर लाकडी माळा, जिन्यात सायकली आणि जुनी कपाटे. जिना मोकळा ठेवणे हे काम फुकट आहे, आणि ते आजच होण्यासारखे आहे.

गॅसबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणींना माहीत नसते. गॅस कंपन्यांनी नोंदणीकृत ग्राहकांसाठी अपघाताचा विमा काढलेला असतो. त्याचा हप्ता आपण वेगळा भरत नाही. अपघात झाला तर वितरकाला ताबडतोब लेखी कळवायचे. पण नळी प्रमाणित हवी, पत्ता नोंदवलेला हवा. आणि घरगुती सिलिंडरवर खानावळ चालवली तर आपणच अडचणीत येतो. व्यापारी सिलिंडर महाग पडतो, मला ठाऊक आहे. गटाने एकत्र बसून याचा विचार करायला हवा, लपवून चालणार नाही.

तिसरे भय इमारतीचे. तिच्याकडे शेवटी येते, कारण तिथे विमाही पुरत नाही.

मग सरकारी मदत? मिळते, मिळायला हवी, आणि ती मागितलीच पाहिजे. पण किती? आपत्ती मदतीच्या २०२२च्या निकषांत, घर वाहून गेले, पूर्ण पडले किंवा दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात राहिले, तर कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५०० रुपये धरले आहेत. २०२१च्या महापुरानंतर राज्य सरकारने दुकानदारांना जास्तीत जास्त ५० हजार आणि टपरीवाल्यांना १० हजार रुपयांपर्यंत मदत जाहीर केली. ती अधिकृत दुकानाला, अधिकृत टपरीला. स्वयंपाकघरात चालणाऱ्या धंद्याचा रकानाच नव्हता.

आता विमा. एप्रिल २०२१पासून विमा नियामक प्राधिकरणाच्या आदेशाने घरासाठी एक ठरावीक साचा आहे. नाव 'भारत गृह रक्षा'. कंपनी कोणतीही असो, मूळ अटी सारख्या. हप्ता मात्र वेगवेगळा असतो. म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारल्याशिवाय घ्यायचा नाही. आपण म्हणतो, खोली आपली नाही, विमा कसला? इमारतीचा विमा मालकाने काढायचा, पण आतल्या सामानाचा विमा भाडेकरूला काढता येतो. फक्त सामानाचा. आग, वीज पडणे, भूकंप, वादळ, पूर, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणे, दंगल, हे त्यात येते. अशा घटनेनंतर सात दिवसांच्या आत त्या घटनेमुळे झालेली चोरीही येते. पाण्यात घर उघडे टाकून जावे लागलेल्या बाईला याचे मोल कळेल. रोख पैसे त्यात येत नाहीत. दागिने वेगळे नोंदवून घ्यावे लागतात. म्हणजे डब्यातले भिशीचे पैसे विम्यात नाहीत; ते बँकेत हवेत.

धंद्याच्या सामानासाठी वेगळा विमा आहे, 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा'. तो लहान धंद्यांसाठीच आहे. शिलाई मशीन, मिक्सर, कच्चा माल, तयार माल त्यात नोंदवता येतो. इथे दोन चुका टाळा. पहिली, लपवणे. खोलीत धंदा चालतो हे कंपनीला अर्जातच सांगा. हप्ता वाचवण्यासाठी 'फक्त राहते घर' लिहिले, तर नुकसानीनंतर तेच कारण दाखवून दावा नाकारला जाऊ शकतो. दुसरी, किंमत कमी लावणे. समजा, सामान एक लाखाचे आहे आणि विमा पन्नास हजारांचा घेतला. नुकसान चाळीस हजारांचे झाले. आपल्याला वाटते, पन्नासच्या आत आहे, चाळीस मिळतील. कंपनीचा हिशेब असा, की तुम्ही निम्म्याचाच विमा घेतला होता, म्हणून निम्मेच, वीस. थोडाफार फरक या विम्यात माफ असतो, पण निम्म्याचा नाही. म्हणून किंमत खरी लावा.

अर्जाच्या आधी 'उद्यम' नोंदणी करा. ती आधारवर होते, त्यासाठी सरकारी शुल्क नाही. खाण्याचे पदार्थ करणाऱ्यांनी अन्न सुरक्षेची नोंदणीही करावी. आणि हे सगळे आपल्या नावाने. नवऱ्याच्या नावाने नाही, मुलाच्या नावाने नाही. ज्या हाताला चटके बसतात, त्या हाताची सही.

कोणी म्हणेल, हे शिकल्यासवरलेल्यांचे काम. गुजरातेत 'सेवा' संघटनेने १९९२पासून कष्टकरी बायांसाठी विमा चालवला. कागद वेचणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, विड्या वळणाऱ्या बाया त्यात होत्या. विमा बाईच्या नावाने, आणि त्यात आजारपणाबरोबर घराच्या, अवजारांच्या नुकसानीचीही सोय होती. त्या बायांना जमले, मग आपल्या भिशीला का जमू नये? भिशी म्हणजे तरी काय, एकमेकींवरचा विश्वास आणि दर महिन्याला ठरलेल्या दिवशी ठेवलेला पैसा.

दावा करायची वेळ आली तर? कंपनीला लगेच कळवा. फोन करा आणि लेखीही द्या. घर साफ करायच्या आधी फोटो काढा. आपल्याला घाण सहन होत नाही, पाणी ओसरले की झाडू हातात घेतो, भिजलेले धान्य उकिरड्यावर टाकतो. तसे करू नका. सर्व्हेअर येऊन पाहीपर्यंत खराब सामान बाजूला ठेवा. कुजायला लागले आणि टाकावेच लागले, तर कंपनीला सांगून, फोटो काढून टाका. वाण्याच्या पावत्या जपा. वहीत दर महिन्याला लिहा, घरात किती माल आहे. दावा नाकारला तर कारण लेखी मागा. कंपनीने नाकारल्यापासून एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे तक्रार करता येते. तिथे फी नाही, वकील लागत नाही.

आता इमारत. २९ ऑगस्टच्या पावसानंतर दोनच दिवसांनी, ३१ ऑगस्ट २०१७ला, भेंडीबाजारात हुसैनी इमारत कोसळली. ३३ जणांचा जीव गेला. त्याआधी २७ सप्टेंबर २०१३ला डॉकयार्ड रोडला पालिकेचीच इमारत कोसळून ६१ माणसे गेली. विम्याच्या धोक्यांची यादी मी मघाशी सांगितली. जुनी इमारत जीर्ण होऊन आपली आपण पडणे त्या यादीत नाही. म्हणजे ज्या संकटाची आपल्याला रात्री सर्वात जास्त भीती वाटते, त्यावर विमा हे उत्तर नाही. तिथे उत्तर एकच, दुरुस्ती आणि हक्क.

उपकरप्राप्त चाळींची जबाबदारी म्हाडाच्या इमारत दुरुस्ती मंडळाकडे आहे. दर पावसाळ्याआधी मंडळ अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. ती वाचा. खांबाला नवी चीर, दार अचानक घासायला लागणे, छतातून गंजलेली सळई दिसणे, हे दिसले की लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. खोली रिकामी करायची वेळ आली तर आधी तिचे क्षेत्रफळ मोजून नोंद करून घ्या. संक्रमण शिबिरातला गाळा आणि पुढची नवी खोली, दोन्ही त्या नोंदीवरून मिळतात. त्या नोंदीत नाव कोणाचे?

आपल्यातल्या किती जणींच्या भाडेपावतीवर अजून सासऱ्यांचे नाव आहे? हात वर करा. बघा, निम्म्याहून जास्त. भाडे नियंत्रण कायदा, १९९९प्रमाणे भाडेकरू वारल्यावर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला भाडेकरूचा हक्क मिळतो. पण कोणाला, यावर घरात एकमत झाले नाही तर ते कोर्टाला ठरवावे लागते. इमारत उभी असते तोवर दीर, नणंदा कोणी काही बोलत नाही. ती पडली की सगळे वारस जागे होतात. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार विरोधी कायद्याने बाईला नाव नसले तरी राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला. मोठा हक्क आहे, आपण लढून मिळवला आहे. पण जे घरच पडले, त्यात राहण्याचा हक्क घेऊन ती कुठे जाईल? म्हणून नाव आजच चढवा, दोघांचे. माझ्या यजमानांना मी हे २०१७च्या दिवाळीत सांगितले. ते म्हणाले, "माझ्यावर विश्वास नाही का?" मी म्हटले, तुमच्यावर आहे, पावसावर नाही. पावती दोघांच्या नावाने व्हायला दीड वर्ष लागले, मालकाकडे खेटे घालावे लागले. २०२१ साली ते गेले. त्या दुःखात मला खोलीसाठी कोणाच्या पाया पडावे लागले नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगते, नाहीतर माझ्या बोलण्याचा उलटा अर्थ निघेल. विमा काढा म्हणजे सरकारला आणि पालिकेला मोकळे सोडा, असे मी म्हणत नाही. गटारे साफ करणे, इमारती दुरुस्त करणे, आगीची यंत्रणा तपासणे, हे त्यांचेच काम आहे. ज्या बाईला महिन्याचा किराणा जुळवताना नाकी नऊ येतात, तिला विमा काढला नाहीस हा तुझा दोष, असे कोणी म्हणू लागले तर आपण त्याला इथेच थांबवू. पंचनाम्यात घरातल्या धंद्याचा वेगळा रकाना असला पाहिजे, ही मागणी आपण वॉर्ड ऑफिसात आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे न्यायची आहे. दोन्ही कामे बरोबर चालतील.

शेवटी, पिशवीबद्दल. प्रत्येकीने दाराजवळ खिळ्याला एक पिशवी टांगायची. त्यात प्लॅस्टिकमध्ये भाडेपावती, रेशनकार्ड, आधार, बँकेचे पुस्तक, विम्याचा कागद, उद्यमचा कागद, औषधाची चिठ्ठी, टॉर्च. रेशनकार्डावर २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्याने घरातली सर्वात मोठी बाई कुटुंबप्रमुख आहे, हेही एकदा पाहून घ्या. पाणी आले, धूर आला, तडा वाजला, की पिशवी, म्हातारी माणसे, मुले आणि आपण. पोते नाही. पोत्याचा पैसा मिळवता येतो. बाई नेहमी शेवटी निघते, काहीतरी वाचवायला पुन्हा आत जाते. ही सवय मोडायची आहे.

येत्या रविवारी आपण इथेच जमू. येताना आपापले कागद आणा. ज्यांना लिहिता येते त्या बाकीच्यांचे अर्ज भरतील. आणि उद्यापासून दारात कोणी आले, पंचनाम्याला, पाहणीला, विम्याला, आणि विचारले की मालक आहेत का, तर दार लावू नका. सांगा, "मी आहे ना घरी. बोला, काय काम आहे?"